पटासमोर मगदूम बाई

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये आम्ही काही मुली बुद्धिबळाचे पट मांडून बसलो होतो आणि आमचा खेळ घेणारे लोहार सर खिडकीशी उभं राहून कुणाचा तरी डाव बघत होते. तेवढ्यात दारात मगदूम बाई दिसल्या आणि नळ बंद करावा तसा हॉलमधला आवाज थांबला. बाई सरळ माझ्या बाकापाशी आल्या. माझ्यासमोर बसलेल्या मुलीला त्यांनी नुसत्या मानेनं उठवलं, तिच्या जागी बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या,

"हेमलता, मला हा खेळ शिकव."

मी लोहार सरांकडे बघितलं. सरांनी खांदे उडवले. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

मगदूम बाई आम्हाला आठवीला गणित शिकवायच्या. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची साडी आणि हातात कायम खडू. मारायच्या नाहीत, ओरडायच्याही नाहीत. फळ्यापाशी गेलेल्या मुलीचं उत्तर चुकलं की म्हणायच्या, "चूक. बस." एवढंच. पण ते दोन शब्द ऐकण्यापेक्षा छडी परवडली असती. मला ते दोन शब्द इतक्या वेळा ऐकायला मिळाले होते की त्यांच्या तासाला मी पुढच्या मुलीच्या वेणीआड मान घालून बसायला शिकले होते.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझं फार मोठं नुकसान केलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. सहामाहीचा निकाल लागला, मी गणितात सपशेल नापास झाले. जानेवारीत सांगलीला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या आणि बोरगावच्या आमच्या मुलींच्या हायस्कूलातून बुद्धिबळाला मी जाणार हे सगळे धरूनच चालले होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. गणितात नापास झालेल्या मुलींना खेळाच्या स्पर्धेला पाठवू नये, असं मगदूम बाईंनी तिथं मांडलं आणि ते मंजूर झालं. लोहार सरांनी पुष्कळ सांगून बघितलं. शेवटी एवढंच पदरात पडलं की डिसेंबरच्या चाचणीत जी पास होईल तिला जाता येईल.

आता त्याच बाई माझ्यासमोर बसून खेळ शिकव म्हणत होत्या.

मी खेळ शिकले होते एसटी स्टँडवर. आमचे आप्पा तिथं कंट्रोलर होते. मुक्कामाच्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर कंट्रोल रूममागच्या बाकावर डाव टाकत बसायचे. आप्पांचा डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. डबा देऊन मी तिथंच रेंगाळायची. बघून बघून खेळायला लागले आणि पाचवी-सहावीत असताना मोठमोठ्या मिशीवाल्या ड्रायव्हरांना हरवायला लागले. त्यांची देशी पद्धत होती, प्यादं एकच घर चालायचं. स्पर्धेचे नियम मला लोहार सरांनी शिकवले. आप्पांना माझं कौतुक होतं. आईला अजिबात नव्हतं. माझी थोरली बहीण नववीत दोनदा नापास झाली आणि तिचं लग्न उरकलं. माझ्या बाबतीत आईनं आधीच ठरवून ठेवलं होतं. आठवी पास झाली तर शाळा, नाहीतर मिरजेच्या मावशीकडे शिवणकाम. आई वाईट नव्हती. पोरीच्या हाताला काहीतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि माझ्या हाताला शाळेतलं काही लागेल, असं तिला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

तर मी बाईंना खेळ शिकवू लागले. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. बाई मोहरा खडूसारखा चिमटीत धरायच्या. प्रत्येक गोष्टीला त्यांचा प्रश्न असायचा. उंट तिरकाच का? मी म्हटलं, नियमच आहे. त्यावर त्यांनी मान डोलावली, "नियम आहे तर प्रश्न नाही. पुढं सांग."

पहिला डाव चहाचा कप संपायच्या आत संपला. दुसराही. बाईंनी पट बघितला, घड्याळ बघितलं आणि पुढच्या शनिवारी येते म्हणाल्या.

त्या खरंच आल्या. दर शनिवारी यायला लागल्या. मुली आधी खुसखुसायच्या, मग त्यांनाही सवय झाली. बाई फार वाईट खेळायच्या. कुणी इतकं हुशार माणूस इतकं वाईट खेळू शकतं, हे मला खरं वाटायचं नाही. पण हरल्याचं त्यांना काहीच वाटत नसे. डाव संपला की म्हणायच्या, "चुकलं माझं. कुठं चुकलं ते सांग." मग मोहरे पुन्हा मांडायचे, चाली मागं न्यायच्या आणि मी त्यांना दाखवायचं. नुसतं दाखवून भागायचं नाही. का, ते सांगावं लागायचं. "इथं घोडा नको होता," म्हटलं की "का नको?" असं यायचं. मी आजवर कुणालाच का ते सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर लोक विचारायचे नाहीत, ते हरले की चहा सांगायचे. आता मला शब्द शोधावे लागायला लागले. घोडा इथं आला तर हत्तीची वाट बंद होते, हत्तीची वाट बंद झाली तर राजाची बाजू उघडी पडते, म्हणून नको. बोलता बोलता मला स्वतःलाच कळायचं की हे आपल्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्या पुन्हा तशाच हरल्या. वजीर मरतोय हे त्यांना दिसलंच नाही. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, कुठं चुकलं. त्या दिवशी मला कसं धाडस झालं कोण जाणे. मी म्हटलं,

"बाई, एका चालीत चुकत नाही तुमचं. तुम्ही फक्त तुमचीच चाल बघता. समोरच्यानं काय केलं, का केलं, ते बघतच नाही."

हातातलं प्यादं त्यांनी फिरवून फिरवून बघितलं, मग ते पटावर ठेवलं आणि उठून गेल्या. लोहार सर म्हणाले, असं बोलू नये गं मोठ्या माणसाला. रविवार मला फार वाईट गेला. चाचणीत आपल्याला आता भोपळाच मिळणार, अशी खात्री होऊन मी बसले.

सोमवारी गणिताच्या तासाला बाईंनी एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं. अपूर्णांकांची बेरीज होती. तिनं वरचे अंश वरच्यात मिळवले आणि खालचे छेद खालच्यात. आम्ही सगळ्या त्या दोन शब्दांची वाट बघत होतो. बाईंनी फळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"तू असं का केलंस?"

ती मुलगी रडायच्या बेतात आली. बाई म्हणाल्या की रागानं नाही विचारत, मला खरंच जाणून घ्यायचंय. तेव्हा ती घाबरत घाबरत म्हणाली की अधिकचं चिन्ह दोघांच्या मधोमध आहे, म्हणजे वरच्यांचीही बेरीज आणि खालच्यांचीही. "म्हणजे तू काहीतरी विचार करून केलंस," असं म्हणून त्यांनी फळ्यावर भाकरी काढली आणि अर्धी भाकरी अधिक अर्धी भाकरी तिलाच करायला लावली. त्या मुलीच्या पद्धतीनं उत्तर आलं दोन चतुर्थांश, म्हणजे पुन्हा अर्धीच भाकरी. सगळा वर्ग हसला, तीही हसली. मगदूम बाईंच्या तासाला वर्ग हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या शनिवारी बाई आल्या तेव्हा मी पट मांडत होते. त्यांनी तो बाजूला सारला. बाकावर खडूनं एक आकृती काढली, पतंगासारखी. वर ए, खाली सी, दोन्ही बाजूंना बी आणि डी. वरच्या दोन बाजू सारख्या, खालच्या दोन बाजू सारख्या. बी आणि डी हे दोन कोन सारखे आहेत असं दाखवायचं.

भूमिती मला कधीच कळली नव्हती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. हे चार शब्द मी मंत्रासारखे पाठ केले होते आणि त्यांच्याखाली जे आठवेल ते लिहीत होते.

"मात द्यायची असते तेव्हा तू सुरुवात कुठून करतेस?" बाईंनी विचारलं.

"राजा कुठं अडकणार ते आधी बघते. मग तिथून मागं मागं येते."

"इथं राजा कोण?"

मी आकृतीकडे बघत राहिले. पुष्कळ वेळानं मी बी आणि डी या कोनांवर बोट ठेवलं. हे सारखे आहेत असं ठरलं की डाव संपला.

"ये मग मागं."

कोन सारखे कधी म्हणता येतात? त्रिकोण एकरूप असले की. पण इथं त्रिकोणच नव्हता. मी तसं सांगितलं. बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. बाजूच्या पटांवर मोहरे टकटक वाजत होते. मी आकृती वळवून वळवून बघितली. मग एकदम मला ती रेघ दिसली, जी तिथं नव्हती.

"ए पासून सी पर्यंत रेघ मारली तर चालेल का, बाई?"

"मला का विचारतेस? चाल तुझी आहे."

त्या वाक्यानं मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. रचना म्हणजे आपली चाल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, भूमितीत सगळं आधीच झालेलं असतं आणि आपण ते फक्त पाठ करायचं असतं. मी रेघ मारली. पतंगाचे दोन त्रिकोण झाले. दोन बाजू दिलेल्याच होत्या आणि तिसरी, मी मारलेली रेघ, दोघांचीही होती. तिन्ही बाजू सारख्या. त्रिकोण एकरूप, कोन सारखे.

"मात," मी म्हटलं.

बाईंनी पदराला खडूचा हात पुसला आणि दुसरी आकृती काढली.

त्यानंतर शनिवारी आमचे दोन्ही खेळ चालायचे. आधी मी त्यांना हरवायची, मग त्या मला अडवायच्या. भूमिती मला आवडायला लागली. पण सगळंच गणित काही असं सुटलं नाही. पाढे मला तेव्हाही येत नव्हते, शेकडेवारीत माझी दाणादाण उडायची. एकदा मी बाईंना म्हटलं की आता मी बुद्धिबळ आणखी खेळले की तेही येईल ना? बाई म्हणाल्या, "नाही येणार. पाढे पाठच करावे लागतील." आणि त्यांनी मला रोज सकाळी शाळा भरायच्या आधी वर्गाबाहेर उभं राहून पाढे म्हणायला लावलं.

डिसेंबरची चाचणी झाली. मी पास झाले असं मला वाटत होतं, लोहार सरांना वाटत होतं, आप्पांनी तर सांगलीच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगूनही ठेवलं होतं.

मी नापास झाले. थोडक्यात, अगदी काठावर, पण नापास.

लोहार सर बाईंकडे गेले. एवढ्याशा गुणांसाठी पोरीचं नुकसान करू नका म्हणाले. बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर गुण वाढवले असते. बाईंनी वाढवले नाहीत. माझ्याऐवजी सातवीतली नसीम मुल्ला सांगलीला गेली. मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. आई एवढंच म्हणाली की मावशीला पत्र टाकते, उन्हाळ्यात जाऊन तर बघ, नाही आवडलं तर परत ये. आप्पा काहीच बोलले नाहीत, आणि मला त्यांचंच जास्त लागलं.

त्या शनिवारी मी हॉलमध्ये गेलेच नाही. वर्गात एकटी बसून होते. बाई पट काखेत घेऊन तिथं आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. मी म्हटलं, मला नाही खेळायचं. त्या म्हणाल्या, खेळायला नाही आले. पेपर कुठाय?

पेपर माझ्या दप्तराच्या तळाशी चुरगळून पडला होता. माझे सगळे पेपर तिथंच जायचे. नापासाचा पेपर मी आयुष्यात कधी उलगडून बघितला नव्हता.

"हरलेला डाव तू पुन्हा मांडतेस की नाही?" बाईंनी विचारलं.

"मांडते."

"मग हाही मांड."

मी पेपर काढला, बाकावर ठेवून हातानं सरळ केला. भूमितीची पानं आधी आली. तिथं एकही लाल खूण नव्हती. मी ती पुन्हा पुन्हा बघितली. मग नफा-तोट्याचं गणित आलं. विक्रीच्या किमतीवर टक्के काढले होते, खरेदीवर काढायचे सोडून.

"इथं काय विचार केलास?"

"काहीच नाही. भागायचं असतं म्हणून भागलं."

"पटावर अशी चाल कधी करतेस?"

"नाही."

"मग इथं का केलीस?"

आता रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडू फुटलंच. मी म्हटलं, "तिथं हरलं तरी कुणी मला ढ म्हणत नाही. इथं भीती वाटते. म्हणून पटकन काहीतरी लिहून मोकळी होते."

बाईंनी मला रडू दिलं. मग पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाल्या, "चल. खरेदीपासून सुरू कर." त्या दुपारी आम्ही अख्खा पेपर मांडला. प्रत्येक चुकीपाशी थांबलो. काही चुका मूर्खपणाच्या होत्या, काही घाईच्या, आणि एक चूक अशी होती की ती बघून बाई म्हणाल्या, वाट बरोबर होती, शेवटी वळताना घसरलीस. शाळेच्या शिपाईमामांनी कुलूप लावायला येऊन दोनदा घसा खाकरला, तेव्हा आम्ही उठलो.

तिथून पुढं मार्चपर्यंत मी प्रत्येक विषयाचा पेपर असाच मांडायला लागले. इतिहासाचाही. संस्कृतचाही. आपण इथं असं का लिहिलं, हे स्वतःला विचारायचं. सगळ्यात गंमत म्हणजे विज्ञानाच्या सरांना मी वर्गात हात वर करून "का" विचारायला लागले आणि ते आधी चिडले, मग तयारी करून येऊ लागले.

आठवी मी पास झाले. पहिली-दुसरी वगैरे काही नाही, नुसती पास. पण गणितात मला चांगले गुण होते. निकालाचा कागद आईनं मान खाली घालून दोनदा वाचला. मिरजेचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी तिनं शिरा केला आणि वाढताना म्हणाली, त्या बाईंना एकदा घरी बोलव.

पुढचं थोडक्यात सांगते. पुढच्या जानेवारीत मी सांगलीला गेले, दुसऱ्याच फेरीत हरले आणि परतीच्या गाडीत तो डाव मनात मांडत आले. बुद्धिबळात माझं मोठं काही झालं नाही. दहावीला मात्र गणितात शाळेत वरचा नंबर आला आणि आज मी इंजिनिअर म्हणून पुलांचे आराखडे तपासते. आराखड्यात चूक सापडली की समोरचा तरुण इंजिनिअर खाली मान घालतो. मी त्याला विचारते, तू असं का केलंस? बहुतेक वेळा त्यानं काहीतरी विचार करूनच केलेलं असतं.

पण सांगायचं राहिलं ते आठवी झाल्यानंतरच्या जूनमधलं. शाळा उघडायच्या आधीच कळलं की मगदूम बाईंच्या यजमानांची बदली झालीय आणि त्या गडहिंग्लजकडच्या शाळेत जाणार आहेत. आईनं बोलावल्याप्रमाणे त्या जेवायला आल्या, भरपूर जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन स्टँडवर आल्या. आप्पांनी त्यांना खिडकीची जागा धरून दिली होती. गाडीला वेळ होता. आम्ही कंट्रोल रूमबाहेरच्या बाकावर बसलो. इतके महिने मनात असलेला प्रश्न मी तेव्हा विचारला.

"बाई, तुम्ही खेळ शिकायला का आलात? तुम्हाला तर तो आवडतही नव्हता."

"आता आवडतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की तुझी सहामाही तपासून मी तुझ्या नावावर फुली मारली होती. ही मुलगी विचारच करत नाही, असं मी मुख्याध्यापकांना सांगून आले. आणि परत येताना ड्रॉइंग हॉलच्या खिडकीवरून गेले.

"तू खेळत होतीस. गालाला हात, कपाळाला आठी. बाहेर कोण उभं आहे, कशाचं भान नव्हतं. मी किती वेळ बघत उभी होते. वर्षानुवर्षं शिकवते गं मी, पण माझ्या तासाला कुठल्याच मुलीचा चेहरा असा झालेला मी बघितला नव्हता. म्हटलं, असा विचार करणारी मुलगी ढ नसते." त्यांनी पर्स उघडली, बंद केली. "मग ढ कोण आहे, ते बघायला आले होते."

कंडक्टरनं घंटी दिली. बाई उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत चढल्या. गाडी वळण घेऊन रस्त्याला लागेपर्यंत मी उभी होते.

आप्पा बाहेर आले. काय म्हणाल्या बाई, त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गणिताचंच बोलत होत्या."